मुका मार

(सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या एका खेड्यांत शेतकरी, मजूर व शिक्षक ह्यांच्या सभेंत तेथील मराठी शाळेच्या शिक्षकानें केलेलें भाषण)



आम्ही कांहीं वक्ते नव्हे. खेड्यांत जन्मलों, मराठी शाळेंत शिकलों, मराठींतच अध्यापनाची पदविका घेतली आणि गेलीं वीसबावीस वर्षें मुलांस बाराखडी शिकवीत आहों. दवाखान्याविषयीं बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, असें कोणी म्हणेल. पण दवाखान्याच्या ओट्यावर बसून वाट पाहण्याचा अनुभव आमच्यासारख्यांचाच आहे, आणि अनुभव सांगण्यास पदवी लागत नाहीं. जखमी झालेला कोरकू माणूस दवाखान्याच्या दारीं जातो तेव्हां त्याचें काय होतें, हा आमचा आजचा विषय आहे. ह्या विषयांत दुसऱ्यास दोष देणें सोपें आहे. आम्ही मात्र आपल्या घरापासून आरंभ करणार आहों.

कोरकू कोण, हें आपणांस सांगावयास नको. अमरावती जिल्ह्याचे धारणी व चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. तेथें त्यांची मोठी वस्ती. अकोला जिल्ह्यांत अकोट व तेल्हारा तालुक्यांच्या डोंगराकडील पट्ट्यांतही ते आहेत. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. होळी झाली कीं बायकापोरांसह ते खालीं आपल्या वावरांत उतरतात. आपला गहू ते काढतात, हरभरा ते उपटतात, आश्विनांत सोयाबीन ते सोंगतात. आपण त्यांस ‘कोरकू आले’ म्हणतों, पण त्या शब्दाचा अर्थ आपण कधीं विचारला नाहीं. त्यांच्या भाषेंत कोरो म्हणजे माणूस, आणि कोरकू म्हणजे माणसें. ही भाषा मराठीची पोटभाषा नव्हे, हिंदीचीही नव्हे. संताळी व मुंडारी ह्या पूर्वेकडील भाषांची ती बहीण आहे. २०११ सालच्या शिरगणतींत ती बोलणारे सव्वासात लाखांहून अधिक लोक मोजले गेले. इतक्या लोकांची भाषा आपल्या दारांत रोज बोलली जाते आणि आपणांस तिचे चार शब्द येत नाहींत. ह्याचा परिणाम काय होतो तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

तीन वर्षांमागें चैत्राच्या आरंभीं गव्हाची मळणी चालू होती. सकाळीं दहाच्या सुमारास शाळेंत निरोप आला कीं एका कोरकू मजुराचा उजवा हात थ्रेशरमध्यें गेला. त्याची मुलगी आमच्या चौथीच्या वर्गांत बसली होती. पेंढी आंत ढकलतांना सदऱ्याची बाही अडकली आणि पंजा मनगटापर्यंत चिरडला. मालकानें ट्रॅक्टर बंद केला, जखमेंत हळद भरली, दुपट्ट्यानें हात बांधला आणि मोटरसायकलीवर मध्यें बसवून त्यास जवळच्या आरोग्य केंद्रांत नेलें. तेथें सिस्टरनें पट्टी बांधली, धनुर्वाताची सुई दिली व पुढें नेण्याची चिठ्ठी लिहिली. १०८ ची गाडी दुसऱ्या रोग्यास घेऊन उलट दिशेस गेली होती; ती दीड तासानें आली. तालुक्याच्या ठिकाणीं हाडांचा डॉक्टर नव्हता, म्हणून पुन्हां चिठ्ठी, पुन्हां गाडी. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांत पोहोंचेपर्यंत दुपारचे साडेतीन वाजले. तें रुग्णालय कोणतें, हें आम्ही सांगत नाहीं. एका इमारतीस नांवें ठेवून सुटका करून घेण्याचा हा प्रकार नाहीं.

त्याच्या बायकोस मराठी येत नव्हतें आणि तिच्या कडेवर तान्हें मूल होतें. म्हणून मुलीस घेऊन आम्ही गेलों. मालकानें आमच्या हातांत दोन हजार रुपये ठेवले आणि म्हटलें, “गुरुजी, पोलीस केस होईन, माझं नाव मधात नका येऊ देऊ जी.” आणि तो दारांतून परत फिरला. तो मालक वाईट माणूस नाहीं. तो आपल्यांतलाच आहे. त्याच्या घरीं आम्ही जेवलों आहों.

आंत एका तरुण डॉक्टरनें पहिला प्रश्न विचारला, तो असा: “काय रे, दारू पिऊन काम करत होतास का?” त्या माणसाचें वय चाळिशीकडे झुकलेलें; विचारणारा पंचविशीचा. पण कोरकूस ‘अहो’ म्हणण्याची आपल्याकडे चाल नाहीं. त्या वाक्यांतला ‘दारू’ हा एकच शब्द त्यास समजला असावा. साहेबानें विचारलें कीं मान हालवावी, एवढेंच त्याच्या बापजाद्यांनीं त्यास शिकविलें होतें. त्यानें मान हालविली. डॉक्टरनें तें कागदावर लिहिलें. त्या दिवशीं त्यानें सकाळपासून थेंब घेतला नव्हता, हें मालकासही ठाऊक होतें आणि मुलीसही. पण मालक निघून गेला होता, आणि मुलीस कोणी विचारलें नाहीं.

मग वाट पाहणें सुरू झालें. एका बाकावर तो भिंतीस टेकून बसला. ओरडला नाहीं, रडला नाहीं. ओठ मात्र सारखे हालत होते. एक शिपाई जातां जातां म्हणाला, “ह्या लोकांना काही होत नाही, कातडी जाड असते.” आम्हीं तें ऐकलें आणि गप्प बसलों. तास गेला. शेवटीं एका सिस्टरनें आम्हांस विचारलें, “ह्याला दुखतंय का?” आम्हीं मुलीस म्हटलें, “विचार बापाला.” तिनें विचारलें, “कासू?” तो म्हणाला, “कासू. कासू.”

बंधूंनो, कासू म्हणजे दुखणें. तासाभरापासून तो माणूस ओठांतल्या ओठांत तोच एक शब्द म्हणत होता. आम्हांस वाटलें होतें कीं तो देवाचें नांव घेत आहे. कोरकू मुलांस वीस वर्षें शिकविणाऱ्या मास्तरास दुखण्याचा शब्द ठाऊक नव्हता. मग त्या सिस्टरला काय बोल लावावा? तिनें तो शब्द ऐकतांच धांवत जाऊन सुई आणली.

पुढें डॉक्टरनें सांगितलें कीं पंजा वांचणार नाहीं, मनगटापासून काढावा लागेल. हें बापास सांगणार कोण? दहाअकरा वर्षांची मुलगी. तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, “सांग.” तिनें सांगितलें. तो थोडा वेळ थांबला आणि त्यानें एक प्रश्न केला. आम्हीं विचारलें, “काय म्हणतो?” ती म्हणाली, “काम कवापासून करता येईन, म्हन्ते.” मग संमतीच्या कागदावर त्यानें डाव्या हाताचा अंगठा उठविला. शस्त्रक्रिया रात्रीं नऊ वाजतां झाली. त्याच डॉक्टरनें मध्यरात्रीपर्यंत पायांवर उभें राहून ती केली, हेंही सांगितलें पाहिजे.

आणि आम्हीं काय केलें? दुसऱ्या दिवशीं शाळेंत साहेबांची तपासणी होती. आम्ही शेवटच्या एस.टी.नें परत आलों. त्या मुलीस तेथें ठेवून आलों. पांचव्या दिवशीं गेलों तर खाट रिकामी. कागदावर शेरा होता, ‘न सांगतां निघून गेला.’ खरी गोष्ट अशी कीं बाहेरून औषध आणण्याची एक चिठ्ठी त्यांस मिळाली, जवळ पैसा उरला नव्हता, आणि पैसे भरल्याशिवाय सोडणार नाहींत असें कोणींतरी वऱ्हांड्यांत सांगितलें. तीं चौघें रात्रीं चालत बसस्थानकावर गेलीं व डोंगरांत निघून गेलीं. तीन आठवड्यांनीं जखम सडली. मग कोपरापासून हात काढावा लागला. पंजा यंत्रानें नेला, तो अपघात होता. पंजापासून कोपरापर्यंतचा हात कोणीं नेला? तो आपण सर्वांनीं मिळून नेला.

मार लागून वरून जखम दिसत नाहीं, त्यास आपण मुका मार म्हणतों. हाड आंत मोडलेलें असतें, पण पाहणाऱ्यास कांहीं कळत नाहीं. कोरकूचा प्रत्येक मार हा मुका मार आहे. रक्त वाहत असलें तरी तो मुका, कारण त्याचें बोलणें ऐकणारा तेथें कोणी नसतो.

‘ह्या लोकांस दुखत नाहीं’ हें वाक्य आपल्याच शिपायाच्या तोंडचें आहे, असें समजूं नका. हें वाक्य जगभर फिरतें. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरांतील एका विद्यापीठाच्या रुग्णालयांत हातापायांचीं लांब हाडें मोडून आलेल्या रोग्यांचे कागद डॉक्टरांनींच तपासले व १९९३ सालीं तो हिशेब प्रसिद्ध केला. गोऱ्या रोग्यांपैकीं शेंकडा २६ जणांस दुखणें थांबविण्याचें औषध दिलें गेलें नव्हतें. स्पॅनिशभाषी वंशाच्या रोग्यांत हाच आंकडा शेंकडा ५५ होता. मोडलेलें हाड तेंच, रुग्णालय तेंच. बदलला तो फक्त माणसाचा वंश.

कॅनडा देशांत विनिपेग शहरीं २००८ सालच्या सप्टेंबरांत ब्रायन सिंक्लेअर नांवाचा तेथील आदिवासी गृहस्थ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत चाकांच्या खुर्चींत बसून राहिला. दोन्ही पाय आधींच गेलेले. त्याचा रोग औषधानें बरा होण्यासारखा होता. तो ३४ तास तेथें बसला आणि त्या खुर्चींतच मेला. पुढें चौकशी झाली तेव्हां बाहेर आलें कीं तो दारू पिऊन पडला असावा किंवा निवाऱ्यास आला असावा, असें कित्येकांनीं मनाशींच धरून टाकलें होतें. इतका श्रीमंत देश. तेथें डॉक्टर होते, औषध होतें, खाट होती. नव्हती ती एक विचारपूस. तेव्हां केवळ इमारती बांधून हा प्रश्न सुटेल, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं विनिपेगकडे पाहावें.

आपल्या देशांतील कायदा ह्या बाबतींत चांगला आहे. एका स्कूटरस्वारास गाडीनें उडविलें. जवळच्या रुग्णालयानें ‘पोलिसी भानगडीचा रोगी आम्ही घेत नाहीं’ म्हणून त्यास वीस किलोमीटर दूर धाडलें आणि तो वाटेंत मेला. त्या प्रकरणावरून परमानंद कटारा ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑगस्ट १९८९ रोजीं निकाल दिला कीं जीव वांचविणें हें डॉक्टराचें पहिलें काम; पोलिसांचे कागद मागाहून. हा नियम सरकारी व खासगी दोघांसही लागू आहे. १९९२ सालीं बंगालमध्यें हकीम शेख नांवाचा शेतमजूर आगगाडींतून पडला. डोक्यास जबर मार. कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं खाट नाहीं म्हणून त्यास परत लावलें. त्याच्या मजूर संघटनेनें दावा लावला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं वेळेवर उपचार न देणें म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याचा हक्क मोडणें होय, आणि २५ हजार रुपये भरपाई देवविली. लक्षांत घ्या, हा हक्क मोठमोठ्या वकिलांनीं आपणहोऊन आणून दिलेला नाहीं. शेतमजुरांच्या संघटनेनें तो मिळविला.

जखमीस मदत करणाऱ्यासही कायद्याचें संरक्षण आहे. मोटार कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन १३४ अ हें कलम आलें. रस्त्यावरील अपघातांतील जखमीस चांगल्या हेतूनें दवाखान्यांत पोहोंचविणारास त्याबद्दल जबाबदार धरतां येत नाहीं, आणि नांव सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. त्याच दुरुस्तीनें दुखापतीनंतरचा पहिला तास हा ‘सुवर्णतास’ म्हणून कायद्यांत लिहिला गेला, कारण त्या तासांत उपचार मिळाले तर मरण टळण्याचा संभव सर्वांत अधिक. २०२५ सालच्या मे महिन्यांत रस्ते अपघातांतील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरतां मिळण्याची योजना निघाली. महात्मा जोतिराव फुल्यांच्या नांवानें राज्याची आरोग्य योजनाही आहे. पण ज्या माणसास योजनेचें नांव त्याच्या भाषेंत कोणीं सांगितलें नाहीं, तो रात्रीं खाट सोडून पळूनच जाणार. जोतिरावांचें नांव फलकावर आहे आणि फलक वाचतां न येणारा मनुष्य फलकाखालून निघून जातो, ह्यापेक्षां दुःखाची गोष्ट कोणती?

आतां सुवर्णतासाचा हिशेब मेळघाटांत करून पाहूं. धारणीहून अमरावती जवळजवळ दीडशें किलोमीटर. हरिसाल, सेमाडोह करीत घाटांतून परतवाड्यास उतरावें, मग पुढें अमरावती. धारणीस उपजिल्हा रुग्णालय आहे, परंतु डोक्यास मार लागलेला किंवा हाडांचा चुरा झालेला रोगी बहुधा खालींच धाडावा लागतो. हरिसाल हें २०१६ पासून ‘डिजिटल गांव’ म्हणून देशांत गाजलें. पण डोंगराआडच्या कित्येक ढाण्यांत अजून फोन लावण्यासाठीं टेकडीवर चढावें लागतें. महाराष्ट्रांत १०८ ची सेवा २०१४ सालीं ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली, गाडींत डॉक्टरही दिला. ह्या सेवेनें असंख्य जीव वांचविले हें आम्ही मोकळ्या मनानें मानतों. परंतु गाडी बोलाविण्यास आधीं आवाज पोहोंचावा लागतो. पूर्वीं अकोल्याहून खंडव्यास जाणारी मीटरगेज गाडी वानरोड, धुळघाट ह्या जंगलांतील स्टेशनांवर थांबे. ती २०१७ च्या आरंभीं बंद झाली, आणि त्या भागांतील गरिबाची स्वस्त वाट गेली.

तेथील जखमाही वेगळ्या. मोहाचें फूल वेंचण्यास बाया पहाटे जातात आणि अस्वलही त्याच फुलासाठीं त्याच झाडाखालीं येतें. अस्वल डोक्यास व तोंडास पकडतें. वन्यप्राण्याच्या हल्ल्यांत मनुष्य दगावल्यास २५ लाख रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२३ सालीं केला. जखमीसही मदत आहे. परंतु तिला पंचनामा लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो. दाखल्यांत एक शब्द चुकला कीं मदत अडली. म्हणून आम्ही म्हणतों कीं जखमेवर पट्टी जितकी महत्त्वाची, तितकाच कागदावरचा शब्द महत्त्वाचा.

व्याघ्रप्रकल्पासाठीं आंतील गांवें उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडे वसविलीं, तेथें तरी ही अडचण संपेल असें वाटलें होतें, कारण सपाटीवर रस्ते जवळ, दवाखाने जवळ. पण जानेवारी २०१९ मध्यें पुनर्वसित आठ गांवचे लोक परत जंगलांत गेले, वनखात्याशीं व पोलिसांशीं त्यांची झटापट झाली, आणि दोन्हीं बाजूंचीं माणसें जखमी झालीं. त्या लोकांच्या गाऱ्हाण्यांत जमीन व रोजगार होता, तसेंच हेंही होतें कीं नव्या जागीं औषधपाण्यावांचून आमचीं माणसें मेलीं. दवाखाना जवळ असणें आणि तो आपला वाटणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपले सुशिक्षित लोक विचारतात कीं हे लोक आधीं भूमक्याकडे कां जातात? अंधश्रद्धा आहे, हें खरें. तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग देण्याची चाल दुष्ट आहे; ती बंद झालीच पाहिजे, आणि साप चावल्यावर मंत्र घालीत बसणें म्हणजे जीव घालविणें होय. परंतु भूमका रोग्याजवळ बसतो, त्याच्या भाषेंत बोलतो, कोठें दुखतें विचारतो, हांकून देत नाहीं. त्याची विद्या खोटी आहे, पण विचारपूस खरी आहे. आपली विद्या खरी. मग विचारपूस खोटी कां असावी? हीं दोन्हीं एकत्र आणतां येतात, हेंही मेळघाटांतच दिसलें आहे. डॉक्टर रवींद्र व स्मिता कोल्हे हें दांपत्य बैरागडसारख्या गांवीं वर्षानुवर्षें राहिलें; २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. डॉक्टर आशिष सातव ह्यांनीं धारणीजवळ आदिवासींसाठीं रुग्णालय चालविलें. तेथें लोक आपल्या पायांनीं येतात.

कोरकूंचीच ही कथा आहे असें नाहीं. आपल्या नांदगांव, मूर्तिजापूर भागांतील फासेपारधी घ्या. इंग्रजांनीं कायदा करून ज्या जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविलें, त्यांवरील तो शिक्का १९५२ सालीं कायद्यानें पुसला. पण पारध्याचें डोकें फुटलें तर पहिला प्रश्न आजही ‘कोठें पडलास’ हा नसतो. ‘कोठें गेला होतास’ हा असतो. दुखापतीचा रोगी आला कीं पोलिसांस कळवावें लागतें, हा नियम सर्वांसच आहे. पण पारध्यास त्या नियमाची धास्ती औषधापेक्षां मोठी. तो जखम झांकतो, घरीं राहतो, आणि जखम चिघळते.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपण कुणबी, माळी, धनगर, तेली, महार, मातंग, सर्व जातींचे लोक येथें बसलों आहों. आपल्या आजोबांस कचेरींत ‘अरे-कारे’ केलें जाई, कागदावर काय लिहिलें तें न सांगतां अंगठा घेतला जाई, आणि तें सांगतांना आजही आपला घसा भरून येतो. मग आपल्या आजोबांस झालें तें आपण कोरकूस कां करावें? ज्याचें जळतें त्यास कळतें म्हणतात. पण कालपर्यंत ज्याचें जळत होतें, त्यास आज दुसऱ्याचें जळलेलें कळूं नये, हें कसें?

मळणीयंत्राचीच गोष्ट घ्या. धोकादायक यंत्रांचा कायदा संसदेनें १९८३ सालीं केला, तो मुख्यतः ह्या थ्रेशरकडे पाहूनच केला. यंत्राच्या तोंडापुढें लांब व वरून झांकलेली नाळ असली तर हात दांत्यांपर्यंत पोहोंचत नाहीं. कित्येक जण पेंढी भरभर जावी म्हणून ती नाळ काढून टाकतात. शेतकऱ्यास अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवाची सरकारी योजना आहे: मरण आल्यास दोन लाख, एक हात गेल्यास एक लाख. पण ती खातेदारास व त्याच्या घरच्या एका माणसास. सातबाऱ्यावर ज्याचें नांव नाहीं, त्या मजुराचा हात त्या योजनेंत हात म्हणून मोजला जात नाहीं. यंत्रावर जखमी झालेल्या मजुरास मालकानें भरपाई द्यावी, हें तत्त्व आपल्या देशांत १९२३ सालच्या कायद्यापासून मान्य आहे. परंतु मजूर नशेंत होता असें दाखविलें कीं ती नाकारण्याची वाट निघते. आमच्या त्या मजुराच्या कागदावर पहिल्याच दिवशीं ‘दारू’ हा शब्द बसला होता. मालक त्या वेळीं तेथें उभा असता आणि ‘डॉक्टरसाहेब, हा प्यालेला नव्हता’ एवढें बोलला असता, तर पुढचें पुष्कळ टळलें असतें.

आपल्या वऱ्हाडांत गाडगेबाबा होऊन गेले. १९२३ सालीं त्यांचा एकुलता मुलगा पिसाळलेलें कुत्रें चावून गेला. त्याच बाबांनीं पुढें मुंबईस मोठ्या रुग्णालयांजवळ धर्मशाळा उभ्या केल्या, कां? तर रोग्यास खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या गरिबास उशापायथ्यास जागा मिळत नाहीं. ज्यास अक्षर येत नव्हतें, त्या माणसास हें कळलें. रोगी पळून जातो तो बहुधा आपल्या दुखण्यामुळें नव्हे, तर बरोबरच्यांच्या भुकेमुळें. तीं चौघें पांच दिवस काय खात होतीं, हें आम्हींही विचारलें नव्हतें.

म्हणून आमचें आपणांस मागणें थोडें आहे आणि तें आजच्या आज करण्यासारखें आहे.

पहिलें मागणें शेतकऱ्यांस. थ्रेशरची नाळ काढूं नका, आणि मजूर जखमी झाला तर त्याच्याबरोबर आंतपर्यंत जा. काय झालें, किती वाजतां झालें, तें आपल्या तोंडानें सांगा, लिहिलेलें वाचून घ्या. पोलिसांस आपण खरें सांगितलें तर भ्यावयाचें कारण नाहीं. पळून गेलों तर मात्र आहे.

दुसरें मागणें गांवास. जखमीबरोबर दोन मोठीं माणसें द्या; त्यांतलें एक कोरकू जाणणारें असावें. मुलांस दुभाषे करूं नका. बापाचा हात तोडण्याची बातमी मुलीच्या तोंडून सांगविण्याचें पाप आमच्या माथीं आहे; तें आणखी कोणाच्या माथीं येऊं नये. आणि ग्रामपंचायतीनें वर्गणी काढून थोडा पैसा बाजूस ठेवावा, तो रोग्याच्या औषधासाठीं नव्हे, तर त्याच्याजवळ बसणाऱ्याच्या भाकरीसाठीं.

तिसरें मागणें डॉक्टर व सिस्टर ह्यांस. आपणांवर कामाचा डोंगर आहे, चिडलेले नातेवाईक कधीं कधीं आपल्या अंगावर येतात, हें आम्ही जाणतों. २०२४ सालीं अमरावतीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें; अकोल्याचें २००२ पासून चालूच आहे. तेथें शिकणाऱ्या प्रत्येक तरुणास निदान पन्नास कोरकू शब्द यावेत, आणि रुग्णालयांत रात्रंदिवस एक कोरकू जाणणारा पगारी माणूस असावा, ही मागणी आपण सर्वांनीं मिळून सरकारकडे करूं. आणि ‘काय रे’च्या जागीं ‘काय दादा’ म्हणण्यास तर सरकारचा हुकूमही लागत नाहीं.

चौथें मागणें आम्हां शिक्षकांस. ती मुलगी आतां सातवींत आहे. गेल्या वर्षीं तिनें व तिच्या बरोबरीच्या मुलांनीं दवाखान्यांत लागणाऱ्या शब्दांची यादी केली. डा म्हणजे पाणी. ती म्हणजे हात. मराठी माणूस ‘ती’ ऐकून बाई शोधील, म्हणून त्या शब्दाखालीं मुलांनीं हाताचें चित्र काढलें आहे. यादीच्या अगदीं वर कासू आहे. ती यादी आम्हीं वर्गाच्या भिंतीवर लावली, आणि एक प्रत आरोग्य केंद्रांतील सिस्टरनें मागून नेऊन टेबलाच्या कांचेखालीं ठेवली. तिचा बाप डाव्या हातानें गुरें राखतो. भरपाईचा अर्ज अजून चालू आहे. त्या अर्जास आमची साक्ष जोडली आहे. मालकानेंही गेल्या महिन्यांत आपली साक्ष लिहून दिली. तो आज ह्या सभेंत बसला आहे. त्याचें नांव आम्ही घेत नाहीं, पण त्यानें हें केलें म्हणून त्याचे आभार मानतों.

आमच्या प्रत्येक शाळेनें अशी यादी करावी. त्यास खर्च नाहीं, मंजुरी नाहीं, एक कागद व चार मुलें पुरेत.